दूरध्वनी उत्तर यंत्रणेचे वेळापत्रक

दूरध्वनी उत्तर यंत्रणेचे वेळापत्रक : कार्यालयात येणाऱ्या दूरध्वनीला माणसाच्या मदतीवाचून उत्तर देणारी, ध्वनिमुद्रित संदेश ऐकविणारी आणि बोलणाऱ्यास हव्या त्या विभागाशी वा व्यक्तीशी जोडून देणारी जी यंत्रणा असते, तिला स्वयंचलित दूरध्वनी उत्तर यंत्रणा असे म्हणतात. या यंत्रणेने कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी काय करावयाचे, हे आगाऊ ठरवून देणाऱ्या नियमांच्या संचास तिचे वेळापत्रक म्हणतात. कामाच्या वेळेत स्वागतकक्षाची घंटा वाजविणे, मधल्या सुट्टीत थोडे थांबण्याची विनंती करणे, रात्री निरोप नोंदवून घेणे, सणाच्या दिवशी सुट्टीचा संदेश ऐकविणे आणि तातडीच्या प्रसंगी कोणत्याही वेळी जबाबदार व्यक्तीस जागे करणे, ही कामे यंत्रणा या वेळापत्रकाच्या आधारे करते.

कार्यालयात दिवे लागलेले आहेत की नाहीत, खुर्चीवर कोणी बसले आहे की नाही, हे यंत्रणेस दिसत नाही. तिला फक्त घड्याळ दिसते. ‘कार्यालय आता उघडे आहे’ किंवा ‘बंद आहे’ हे विधान ती कार्यालयाच्या वतीने करते आणि ऐकणारा ते खरे मानून चालतो. ते खोटे ठरले, तर खोटेपणा त्यालाच भोगावा लागतो. कार्यालयातील माणसांना त्याची वार्ताही नसते, कारण आपल्याच कार्यालयाच्या क्रमांकावर बाहेरून दूरध्वनी करण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा येत नाही. वेळापत्रकातील चुका महिनोन्‌महिने तशाच राहतात, याचे मुख्य कारण हेच होय.

पूर्वपीठिका : कार्यालयातील खाजगी विनिमय केंद्र माणूस चालवीत असे, तेव्हा वेळापत्रक दूरध्वनी चालकाच्या डोक्यात असे. सायंकाळी घरी जाण्यापूर्वी तो बाहेरच्या एकदोन तारा पहारेकऱ्याच्या चौकीतील किंवा व्यवस्थापकाच्या घरातील उपकरणाला जोडून ठेवी आणि सकाळी आल्यावर काढून घेई. या व्यवस्थेला रात्रसेवा म्हणत. पुढील यंत्रांत तीच रात्रसेवा एका कळीच्या रूपाने आली आणि आजच्या संगणकीय यंत्रणांतही ‘दिवस’ व ‘रात्र’ असे दोन पर्याय याच वारशाने आलेले आहेत.

चालकाची गरज कमी करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. आल्मन स्ट्रोजर या अमेरिकन व्यावसायिकास स्वयंचलित जोडणीच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) १८९१ मध्ये मिळाले व इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी १८९२ मध्ये त्या पद्धतीचे विनिमय केंद्र सुरू झाले. डॅनिश अभियंते व्हाल्डेमार पोल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय ध्वनिमुद्रण करणारे यंत्र तयार केले. दूरध्वनीवरील निरोप नोंदविणे हा त्याचा एक अपेक्षित उपयोग होता. तथापि ऐकणाऱ्याने कळ दाबून यंत्राला उत्तर द्यावे, हे खऱ्या अर्थाने शक्य झाले ते १९६३ मध्ये अमेरिकेत कळींचे दूरध्वनी विक्रीस आल्यावर. या पद्धतीत प्रत्येक कळीसाठी दोन निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर एकाच वेळी उमटतात. उदा., ५ ही कळ दाबली असता ७७० व १,३३६ हर्ट्झ हे दोन स्वर जातात. दोन स्वरांची ही जोडी माणसाच्या बोलण्यात सहसा आढळत नसल्याने यंत्रास कळ व शब्द यांतील फरक ओळखता येतो. गॉर्डन मॅथ्यूझ यांना १९८३ मध्ये ध्वनिसंदेश साठविणाऱ्या व पोहोचविणाऱ्या संगणकीय पद्धतीचे अमेरिकन एकस्व मिळाले आणि त्या दशकात ‘अमुक विभागासाठी १ दाबा’ असे सांगणारी यंत्रे मोठ्या कार्यालयांत रुळू लागली. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये तयार केलेल्या ॲस्टरिस्क या मुक्त आज्ञावलीमुळे साध्या संगणकावर असे विनिमय केंद्र उभारणे लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आले. पुढील विवेचनातील काही उदाहरणे याच आज्ञावलीच्या नियमपद्धतीवर आधारलेली आहेत. इतर यंत्रणांत तपशील थोडेफार बदलत असले, तरी तत्त्व सारखेच असते.

नियमाची रचना : बाहेरचा दूरध्वनी आला की, यंत्रणा त्या क्षणाचा दिनांक, वार व वेळ पाहते आणि नियमांच्या यादीशी वरून खाली ताडून पाहते. जो नियम प्रथम लागू पडेल त्यात सांगितलेल्या ठिकाणी दूरध्वनी पाठविला जातो व पुढचे नियम पाहिले जात नाहीत. कोणताच नियम लागू पडला नाही, तर शेवटी दिलेला सर्वसाधारण मार्ग, म्हणजे बहुधा ‘कार्यालय बंद आहे’ हा संदेश, स्वीकारला जातो.

एका नियमात साधारणतः चार अटी असतात : वेळेची मर्यादा, वार, महिन्यातील तारीख व महिना. ॲस्टरिस्कमध्ये या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. याचा एक सुरेख उपयोग होतो. महिन्याचा दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ या तारखांतच पडतो आणि चौथा २२ ते २८ या तारखांत. म्हणून ‘वार शनिवार, तारीख ८ ते १४’ एवढे लिहिले की दुसरा शनिवार नेमका सापडतो. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून मिळू लागली, तेव्हा बँकांशी संबंधित अनेक कार्यालयांना या जोडीची गरज पडली. मात्र यूनिक्स संगणकांवरील क्रॉन या समयसूचक आज्ञावलीत तारीख व वार दोन्ही बंधनकारक केले असता त्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी काम सुरू होते. तेथे हाच नियम लिहिला, तर तो प्रत्येक शनिवारी आणि शिवाय ८ ते १४ यांपैकी प्रत्येक दिवशी लागू पडेल. दोन्ही आज्ञावली हाताळणाऱ्या तंत्रज्ञाकडून ही गल्लत होणे स्वाभाविक आहे.

मध्यरात्र ओलांडणारी वेळ हा दुसरा खड्डा. शुक्रवारी रात्री १० पासून शनिवारी सकाळी ६ पर्यंतची रात्रपाळी दाखविण्यासाठी ‘शुक्रवार, २२:०० ते ०६:००’ असा नियम लिहिला जातो. पण यंत्रणा वार व वेळ स्वतंत्रपणे तपासते. शनिवारी पहाटे २ वाजता वार शनिवार असतो, म्हणून नियम लागू पडत नाही. उलट शुक्रवारी पहाटे २ वाजता, म्हणजे एक रात्र आधी, तो लागू पडतो. अशा वेळी ‘शुक्रवार, २२:०० ते २३:५९’ व ‘शनिवार, ००:०० ते ०५:५९’ असे दोन नियम करणे हाच सुरक्षित मार्ग होय. शेवटचे मिनिट नियमात धरले जाते की नाही, याविषयीही यंत्रणांत एकवाक्यता नाही. १८:०० ही मर्यादा काहींच्या लेखी ६ वाजण्याच्या ठोक्याला संपते, तर काहींच्या लेखी ६ वाजून १ मिनिटाने. एका मिनिटाचा हा फरक क्षुल्लक वाटला, तरी लागोपाठच्या दोन नियमांमध्ये तो फट पाडू शकतो. त्या फटीत सापडलेला दूरध्वनी सर्वसाधारण मार्गाने भलत्याच ठिकाणी जातो.

नियमांचा क्रम : पहिला जुळणारा नियम अंतिम ठरत असल्याने वेळापत्रकाचा सारा अर्थ नियमांच्या क्रमात असतो. नमुन्यादाखल असे कार्यालय घेता येईल की, जे सोमवार ते शुक्रवार ९:३० ते १८:०० चालू असते, १३:३० ते १४:०० ही मधली सुट्टी असते आणि पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या शनिवारी ते ९:३० ते १३:३० उघडे असते. येथे कामाच्या वेळेचा नियम आधी व मधल्या सुट्टीचा नंतर लिहिला, तर मधल्या सुट्टीचा नियम कधीच लागू होणार नाही. दुपारी पावणेदोन वाजता रिकाम्या टेबलावर घंटा वाजत राहील. त्याचप्रमाणे सुट्ट्यांची यादी कामाच्या वेळेच्या खाली ठेवली, तर प्रजासत्ताक दिनीही यंत्रणा ‘थांबा, आपला दूरध्वनी जोडत आहोत’ असे म्हणत राहील.

सामान्य तत्त्व असे की, जो नियम जितका विशिष्ट तितका तो वर असावा. सर्वांत वर हाताने फिरविण्याची कळ; त्याखाली अपवादात्मक कामाचे दिवस; मग सुट्ट्या; मग शनिवार; मग मधली सुट्टी; मग रोजची कामाची वेळ; आणि तळाशी ‘बंद’. अपवादात्मक कामाच्या दिवसांना सुट्ट्यांच्याही वरचे स्थान द्यावे लागते, कारण मार्चअखेरीस किंवा परीक्षा व प्रवेशाच्या हंगामात रविवारी वा सणाच्या दिवशी कार्यालय उघडण्याचा निर्णय होतो. त्या दिवशी लोक मुद्दाम चौकशी करतात आणि यंत्रणा मात्र सुट्टी जाहीर करीत बसते, हा प्रकार टाळावयाचा असतो.

सर्वसाधारण मार्ग ‘बंद’ ठेवावा की ‘उघडे’, यावर दोन मते संभवतात. ‘बंद’ ठेवल्यास नियम लिहिताना राहून गेलेल्या वेळेत माणूस हजर असूनही लोक परत पाठविले जातात. ‘उघडे’ ठेवल्यास कोणी नसताना घंटा वाजत राहते. रुग्णालये, पाणीपुरवठा, वीज अशा सेवांच्या बाबतीत दुसरी चूक परवडते, पहिली परवडत नाही. घंटा बराच वेळ वाजूनही कोणी उचलले नाही, तर तेथून तातडीच्या क्रमांकाकडे वळण्याची सोय करता येते. पण ‘उद्या दूरध्वनी करावा’ हा संदेश ऐकून ज्याने दूरध्वनी ठेवून दिला, त्याला परत आणण्याची कोणतीही सोय नसते.

सुट्ट्या व पंचांग : वेळापत्रकाचा अवघड भाग हा असून भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक अवघड आहे. महाराष्ट्र शासन चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, १८८१ अन्वये दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी जाहीर करते. तिच्यातील २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व २५ डिसेंबर या सुट्ट्यांचे दिनांक ठरलेले आहेत. ते एकदा नोंदविले की दरवर्षी आपोआप लागू होतात, कारण ज्या यंत्रणांच्या नियमात वर्षाची अट नसते तेथे तारीख व महिना पुरेसे असतात. परंतु होळी, गुढीपाडवा, गणेशचतुर्थी, विजयादशमी, दिवाळी हे सण चांद्र महिन्यांवर, आणि ईद, मोहरम हे चंद्रदर्शनाधिष्ठित हिजरी महिन्यांवर अवलंबून असल्याने त्यांचे इंग्रजी दिनांक दरवर्षी बदलतात.

वर्षाची अट नसणे ही सोय येथे घातक ठरते. विजयादशमी २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्याच दिवशी, आली. ज्या कार्यालयाने २०२३ चा दिनांक यादीत घातला व पुढे काढला नाही, त्याच्या यंत्रणेने २४ ऑक्टोबर २०२४ या गुरुवारी, भर कामाच्या दिवशी, दसऱ्याच्या शुभेच्छा देऊन लोकांना परत पाठविले असणार. नव्या वर्षाच्या सुट्ट्या भरण्याची आठवण बहुतेकांना राहते. जुन्या काढण्याची राहत नाही. म्हणून बदलत्या सुट्ट्यांचा गट ठराविक सुट्ट्यांपासून वेगळा ठेवावा आणि डिसेंबरात तो संपूर्ण रिकामा करून नव्या यादीवरून पुन्हा भरावा. पंचांगकर्ते यंत्रणा बसवीत नाहीत व तंत्रज्ञ पंचांग पाहत नाहीत, तेव्हा हे काम कार्यालयातील नेमक्या एका व्यक्तीकडे सोपविलेले असणे इष्ट.

जाहीर झालेली यादीही अंतिम नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी १६ तारखेस होती. १७ तारखेस अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुका असल्याने मिरवणुकांचा मेळ बसविण्यासाठी मुंबई शहर व उपनगर या जिल्ह्यांपुरती ती १८ तारखेस नेण्यात आली. ज्या संस्थेची मुंबईत व पुण्यात कार्यालये असून एकच यंत्रणा दोघांची कामे पाहते, तिला अशा वेळी एक वेळापत्रक पुरत नाही. प्रत्येक ठिकाणासाठी स्वतंत्र सुट्टीगट लागतो. याशिवाय अतिवृष्टी, मतदानाचा दिवस, एखाद्या नेत्याचे निधन अशा कारणांनी आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी जाहीर होणारी सुट्टी कोणत्याही वेळापत्रकात आगाऊ लिहिता येत नाही. तिच्यासाठी हाताने फिरविण्याची कळ हवी, आणि ती घरबसल्या, परवलीचा आकडा वापरून बाहेरच्या दूरध्वनीवरूनही फिरविता आली पाहिजे. ज्या दिवशी रस्ते पाण्याखाली असतात, त्या दिवशी कळ फिरविण्यासाठी कोणी कार्यालयात येऊ शकत नाही.

कामाच्या वेळाही स्थिर नसतात. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला व त्यासोबत रोजची वेळ ९:४५ ते १८:१५ अशी वाढविण्यात आली. अशा बदलानंतर नियमांतील वेळ बदलली जाते, पण ध्वनिमुद्रित संदेशात जुनीच वेळ ऐकू येत राहते, कारण नियम व संदेश ही दोन वेगळी कामे असून ती बहुधा वेगवेगळी माणसे करतात.

घड्याळ व प्रमाण वेळ : यंत्रणेचे घड्याळ चुकले, तर निर्दोष वेळापत्रकही चुकते. संगणकाची घड्याळे जाळ्यावरून जुळविण्याची पद्धत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडली व तिच्या सुधारित आवृत्त्यांमुळे सेकंदांची चूक आता दुर्मीळ झाली आहे. तासांची चूक मात्र नित्य आढळते. दूरस्थ ठिकाणच्या भाड्याच्या संगणकावर चालणाऱ्या यंत्रणेत घड्याळ पुष्कळदा जागतिक समन्वित वेळेवर ठेवलेले असते. ही वेळ भारतीय प्रमाण वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. तिच्यावर ९:३० ते १८:०० हा नियम चालविला, तर कार्यालय भारतात दुपारी ३ वाजता ‘उघडते’ व रात्री ११:३० वाजता ‘बंद’ होते. वारही घसरतो : सोमवारी पहाटे ५:३० पर्यंत यंत्रणेच्या लेखी रविवारच असतो. अर्ध्या तासाच्या या अंतरामुळे, पूर्ण तासांचाच फरक मांडता येणाऱ्या काही जुन्या उपकरणांत भारतीय वेळ बसविताच येत नसे. खुद्द भारतातही एकच वेळ फार जुनी नाही. प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ मुंबईने त्यानंतरही अनेक वर्षे चालू ठेवली होती.

यंत्रणेत वेळेचा फरक आकड्यात न लिहिता ‘एशिया/कोलकाता’, ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ अशा प्रदेशनामांनी सांगावा. ही नावे ज्या जागतिक कालविभाग-संग्रहातील आहेत, त्यात प्रत्येक प्रदेशातील वेळेच्या बदलांची नोंद असते. परदेशातील ग्राहकांची कामे पाहणाऱ्या पुणे व मुंबई येथील कार्यालयांना याचे महत्त्व विशेष आहे. न्यूयॉर्कमधील सकाळचे ९ हिवाळ्यात भारतात सायंकाळी ७:३० ला वाजतात व उन्हाळी वेळ लागू असताना ६:३० ला. अमेरिकेत २००७ पासून उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. यूरोपीय संघात व ब्रिटनमध्ये मात्र ती मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत असते. त्यामुळे मार्चमध्ये दोनतीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा लंडन व न्यूयॉर्क यांतील अंतर नेहमीपेक्षा एका तासाने कमी असते. भारतीय वेळेत लिहिलेले नियम वर्षातून दोनदा हाताने बदलण्यापेक्षा ग्राहकाच्या प्रदेशनामाने ते लिहिणे केव्हाही बरे.

बंद वेळेतील व्यवहार : कार्यालय बंद असताना दूरध्वनीचे काय करावयाचे, हा प्रश्न वेळापत्रकाइतकाच महत्त्वाचा आहे. संदेशात तीन गोष्टी असाव्यात : आपण कोठे दूरध्वनी केला आहे, कार्यालय पुन्हा केव्हा उघडेल आणि तातडीचे काम असल्यास काय करावे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तो मराठी, हिंदी व इंग्रजी या भाषांत असतो. तेव्हा प्रत्येक भाषेत तो दोन वाक्यांपेक्षा लांब नसावा, नाहीतर तिसऱ्या भाषेची वाट पाहणारा मध्येच निघून जातो. तातडीचा पर्याय भाषेची निवड होण्यापूर्वी, अगदी आरंभीच सांगितला जावा. संस्थेच्या थोरवीचे वर्णन व सणाच्या शुभेच्छा यांना संदेशात स्थान असलेच, तर ते शेवटी.

तातडीचे दूरध्वनी पाळीवरील व्यक्तीच्या भ्रमणध्वनीकडे वळविण्याची प्रथा आहे. तिच्यात एक अडचण लपलेली असते. भ्रमणध्वनी बंद असल्यास जाळ्यातील यंत्र ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती उपलब्ध नाही’ अशा अर्थाचे निवेदन ऐकविते, किंवा तिची वैयक्तिक निरोपपेटी दूरध्वनी स्वीकारते. निरोपपेटीने स्वीकारलेला दूरध्वनी माणसानेच उचलला, असे कार्यालयाची यंत्रणा समजते व पुढच्या व्यक्तीचा शोध थांबविते. मध्यरात्री अत्यवस्थ रुग्णाविषयी बोलणाऱ्याचा निरोप अशा रीतीने झोपलेल्या डॉक्टरांच्या भ्रमणध्वनीत सकाळपर्यंत पडून राहू शकतो. यावर उपाय सोपा आहे : दूरध्वनी उचलणाऱ्याने ‘स्वीकारण्यासाठी १ दाबा’ ही सूचना पाळल्याखेरीज जोडणी पूर्ण करू नये, वीसपंचवीस सेकंदांत तसे न झाल्यास यादीतील पुढच्या व्यक्तीकडे जावे. यादीच्या शेवटी एक तरी असा क्रमांक हवा की जो माणूस प्रत्यक्ष बसून सांभाळतो.

बंद होण्याच्या क्षणीही पेच असतो. अनेक यंत्रणा वेळापत्रक फक्त दूरध्वनी आत येताना पाहतात. ५:५८ ला आलेला दूरध्वनी ‘उघडे’ ठरून रांगेत लागतो. ६ वाजता कर्मचारी उठून जातात. बोलणारा मात्र संगीत ऐकत ‘आपला क्रमांक लवकरच येईल’ या आश्वासनावर थांबून राहतो. यासाठी रांगेत प्रवेशाची वेळ बंद होण्याच्या दहापंधरा मिनिटे आधी संपवावी, किंवा रांगेत थांबलेल्या दूरध्वनीसाठी वेळापत्रक ठराविक काळाने पुन्हा तपासण्याची व्यवस्था करावी, आणि सर्व कर्मचाऱ्यांनी नोंद काढून घेतली असता रांग आपोआप निरोपपेटीकडे वळावी.

हाताने फिरविण्याच्या कळीचा दोष तिच्या गुणातच आहे. पावसामुळे सोमवारी ‘बंद’वर ठेवलेली कळ मंगळवारी परत फिरविण्याचे राहून गेले, तर कार्यालय गजबजलेले असूनही घंटा वाजत नाही. शांततेचे कारण शोधण्याऐवजी ‘आज दूरध्वनी कमी आहेत’ असा समज होतो. म्हणून कळीला मुदत असावी. पुढील नियमित बदलाच्या वेळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडण्याच्या वा बंद होण्याच्या नियोजित क्षणी, ती आपोआप मूळ स्थितीत यावी. पुष्कळ आधुनिक यंत्रणांत तात्पुरता व कायमचा असे दोन प्रकारचे बदल असतात. तात्पुरता बदल हाच नेहमीचा मानावा व कायमच्या बदलाचा अधिकार एकदोन व्यक्तींपुरता ठेवावा. कळ फिरलेली आहे हे स्वागतकक्षातील उपकरणावर दिव्याने दिसत असल्यास उत्तमच.

चाचणी व नोंदी : वेळापत्रक तयार झाल्यावर ते कागदावर, साध्या मराठीत, तक्त्याच्या रूपाने लिहून कार्यालयप्रमुखाची संमती घ्यावी, नियम लिहिणे हे तंत्रज्ञाचे काम असले, तरी मधली सुट्टी किती वाजता व कोणत्या शनिवारी कोण हजर, हे ठरविणे त्याचे काम नव्हे. चाचणी बाहेरच्या दूरध्वनीवरूनच करावी, कारण अंतर्गत एक्स्टेंशनवरून केलेला दूरध्वनी वेळापत्रकाच्या नियमांतून बहुधा जातच नाही. उघडण्यापूर्वी व नंतर, मधल्या सुट्टीत, बंद होताना, शनिवारी दुपारी, एका सुट्टीच्या दिवशी आणि मध्यरात्रीनंतर असे दूरध्वनी प्रत्यक्ष करून पाहावेत. यंत्रणेचे घड्याळ पुढे करून चाचणी घेण्याचा मोह टाळावा. घड्याळ परत लावण्याचे राहून जाते, शिवाय देयके व नोंदी यांतील वेळाही बिघडतात.

प्रत्येक दूरध्वनी कोणत्या नियमाने कोठे गेला, याची नोंद यंत्रणा ठेवते. या नोंदींतून केवळ ‘बंद’ संदेशावर संपलेले दूरध्वनी वेगळे काढून तासवार मांडले असता पुष्कळ गोष्टी कळतात. ९ ते ९:३० या अर्ध्या तासात त्यांची दाटी दिसली, तर एक कर्मचारी अर्धा तास लवकर बोलाविणे योग्य ठरते. एखाद्या कामाच्या दिवशी ते सकाळपासून सायंकाळपर्यंत पसरलेले दिसले, तर त्या दिनांकाशी जुनी सुट्टी जुळते काय हे पाहावे. रात्री एकाच क्रमांकावरून चारपाच वेळा आलेला व दर वेळी संदेश संपण्यापूर्वीच तुटलेला दूरध्वनी बहुधा तातडीचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या क्रमांकावर कार्यालयाने स्वतःहून दूरध्वनी करावा.